बिनएकोचा स्पीकर

ये गं मंजू, अशी जवळ बस. आधी कानातले ते इअरफोन काढ, मग बोलू. लहान हॉलमध्ये गायला स्वस्तातली साऊंड सिस्टिम कुठली घ्यावी, हे सगळ्या गावाला विचारून झालं आणि सख्ख्या मावशीची आठवण आत्ता झाली होय? शोभतं का हे? या घरात साऊंडमधलं माझ्याइतकं कोणालाच कळत नाही. ते कसं कळलं, एवढं मात्र तुला ऐकून घ्यावं लागेल.

आम्ही धायरीत राहायला आलो तेव्हा शेतं जाऊन इमारती उभ्या राहत होत्या आणि घरोघरची पोरं हिंजवडीला कॉम्प्युटरवर जायला लागली होती. आमच्या भजनी मंडळाची मुख्य गायिका मी. (निवडणूक वगैरे झाली नव्हती. मी पुढे बसायचे.) कार्यक्रम कुठे, तर कोणाच्या घरचा हॉल, एखादं देऊळ, फार तर सोसायटीचं क्लबहाऊस. तिथे बाहेर एक रिक्षा फुरफुरली की आत मी संपले. पुढच्या बायका माना डोलवायच्या, मागच्या एकमेकींच्या साड्या बघायच्या.

त्यातच शेजारच्या नव्या सोसायटीने नवरात्रात बोलावलं. आवडलं तर दर महिन्याला तुम्ही, नाही तर कॅराओकेवाले, असा निरोप. मी आमच्या पेटीवाल्या कुसुमला म्हटलं, "माझा आवाज मागपर्यंत पोचला की झालं. कार्यक्रम आपलाच."

"पोचला की कळेलच," कुसुम म्हणाली. (तिच्या बोलण्यातली खोच तेव्हा माझ्या डोक्यावरून गेली.)

मंडळाच्या डब्यात जे साठलं होतं ते घेऊन मी, कुसुम आणि आमचे हे शनिवार पेठेतल्या एका दुकानात गेलो. दुकानदार पेपर वाचत होते.

"स्पीकर दाखवता का?"

"दिसतायत की."

"गाण्यासाठी हवेत."

"वरातीच्या की गळ्याच्या?"

एक कपाटाएवढा खोका होता, लाल-निळे दिवे लागणारा. दुकानदार म्हणाले, "हा लावला की छातीत धडधडतं." आमचे हे म्हणाले, "ती सोय घरी आहे." आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मग निघाले दोन साधे, काळे स्पीकर, एक बटणांची पेटी आणि माईक. नुसत्या आवाजासाठी हेच बरे, म्हणाले. "फक्त यात एको नाही, आवाज घुमत नाही. एको हवा तर जरा वरचा घ्यावा लागेल. एकोत पुष्कळ झाकलं जातं."

"आमच्यात झाकण्यासारखं काही नाही," मी म्हटलं.

"एकोवाला बघू तरी," कुसुम घाईघाईने म्हणाली. मी तिला गप्प केलं.

"गाऊन बघा हवं तर," दुकानदार म्हणाले, "पण गिऱ्हाईक आलं की थांबायचं."

"मग आम्ही कोण?"

"तुम्ही अजून चौकशीत आहात."

आता भर पेठेत उभ्याने भजन काय म्हणायचं? मला कसंतरीच वाटलं. मी माईक यांच्या हातात दिला. यांनी माईकमध्ये विचारलं, "इथे चहा मिळतो का?" रस्त्यापलीकडून एक गृहस्थ म्हणाले, "कोपऱ्यावर." आवाज लख्ख पोचला होता. आणखी काय परीक्षा घ्यायची? घेतलं.

नवरात्रात क्लबहाऊस गच्च भरलं. मागे देवी मांडलेली, तिच्या एका अंगाला आम्ही, पुढे लोक. स्पीकर उभे केले आणि माझ्या लक्षात आलं की त्यांची पाठ देवीकडे होतेय. म्हटलं, सणासुदीचं हे बरं नव्हे. दोन्ही स्पीकर फिरवून त्यांची तोंडं देवीकडे, म्हणजे आमच्याकडेच केली. वर हळदीकुंकूही लावलं.

मी तोंड उघडलं आणि अशी शिट्टी वाजली की पहिली रांग कान धरून उभी राहिली. मला वाटलं, आवाज कमी पडतोय. मी बटण वाढवलं. शिट्टीची किंकाळी झाली. कुसुम म्हणाली, "नव्या वस्तूला दृष्ट लागलीय," आणि तिने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. त्यातल्या काही माईकवर पडल्या, तर हॉलमध्ये गारा पडल्यासारखा आवाज. मांडीवरची पोरं रडायला लागली.

सोसायटीचे सेक्रेटरी तात्या पुढे आले. (ती इमारत त्यांच्याच शेतात उभी.) म्हणाले, "ताई, गाणं सुरू झालंय का अजून व्हायचं हाय?"

आमच्या मागे बसलेले हे म्हणाले, "अगं, स्पीकरमधलं परत माईकमध्ये शिरतंय. तोंडं लोकांकडे कर."

"आणि देवीकडे पाठ?"

"ताई," तात्या म्हणाले, "देवीला मनातलं बी ऐकू येतं. तिला कशाला स्पीकर? ह्या लोकांस्नी ऐकवा." आणि त्यांनीच स्पीकर फिरवले.

किंकाळी थांबली. मी डोळे मिटले, सूर लावला. आणि मंजू, हॉलभर कोणीतरी बाई गायला लागली. सुराच्या जरा खाली, मग जरा वर, मग भलतीकडेच. इतक्या मोक्याच्या वेळी! मी डोळे उघडून रागाने कुसुमकडे बघितलं. कुसुमचं तोंड बंद होतं. सगळ्यांचीच तोंडं बंद होती.

पार मागच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द पोचत होता.

दोन कडव्यांच्या मध्ये हे हळूच म्हणाले, "इतकी वर्षं मला वाटायचं, पेटीच बेसूर आहे."

"मलाही तिने तसंच सांगितलं होतं," कुसुम म्हणाली. "दोनदा दुरुस्तीला टाकली मी."

मला एकदम खोकला आला. (आणला.) माईक कुसुमपुढे सरकवला. ती गायली आणि हॉल असा रंगला की बाहेरच्या रिक्षाही कोणाला ऐकू येईनात.

शेवटी तात्या आले. "मंडळ लई भारी. दर महिन्याला या. फकस्त माईक त्या पेटीवाल्या ताईंपुढंच ऱ्हाऊ द्या. तुमी मशिनपाशी बसा. बटणावर तुमचा हात चांगला बसलाय."

तेव्हापासून मी मशिनपाशी. साऊंड सिस्टिम आल्यापासून या मंडळाचं गाणं फार सुधारलं, असं सगळे म्हणतात. मीही तसंच म्हणते.

तर तू हेच घे, पण दुकानात माईक स्वतः धर, नवऱ्याला चहा विचारायला लावू नकोस. आणि आता महिनोन् महिने तोंड लपवू नकोस, लवकर ये. येशील तेव्हा क्लबहाऊसला जाऊ. अगदी निर्धास्त ये गं, मी गात नाही.