प्रसूतिगृहात एकीलाच जागा

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज आमच्याकडे अजून टिकून आहे, म्हणून लेक सातव्या महिन्यात मोताळ्याला आली. मला वाटलं, माझ्याकडे आली. ती आली होती तिच्या काकूकडे.

काकू म्हणजे माझी धाकटी जाऊ, माहेर उंद्रीचं. तिला मूलबाळ नाही. मी जळगाव जामोदला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले तेव्हा लेक रांगत होती. रोजचं जाणंयेणं जमेना, म्हणून तिकडे खोली केली आणि शनिवारी घरी येऊ लागले. आठवडाभर लेकीचं न्हाणंखाणं, पुढे वेणीफणी, सगळं जावेकडे. शनिवारी मी बसमधून उतरले की लेक तिच्या पदराआडून माझ्याकडे बघायची. ते बघणं मी विसरलेले नाही आणि विसरायचा विचारही नाही.

गोठ्यातली म्हैससुद्धा तिचीच. मी धार काढायला बसले की पान्हा चोरायची. जाऊ नुसती पाठीवरून हात फिरवायची आणि कास भरून यायची. याचं कारण मला तोंडपाठ आहे, दरवर्षी बारावीला सांगते. ओळखीचा हात लागला की नसा मेंदूला कळवतात, मेंदू ऑक्सिटोसिन रक्तात सोडतो, दूध उतरतं. जनावर बिचकलं की ॲड्रेनॅलिन आडवं येतं आणि सगळं थांबतं. गर्भाशयाचंही असंच असतं. पण कारण माहीत असलं म्हणून माणूस जळायचं थांबत नाही.

लेकीला सकाळी कळा सुरू झाल्या. दवाखान्यात सिस्टर म्हणाली, सोबतीला एकच बाई आत येऊ शकते. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आधी मी चपला काढल्या होत्या. जावेकडे बघितलंही नाही. एवढी एक जागा माझी होती.

आत गेल्यावर मी लेकीचा हात धरला आणि मला जे येतं तेच केलं. शिकवायला लागले. म्हटलं, "हे बघ, बाळाचं डोकं गर्भाशयाच्या मुखावर दाबतं. तिथल्या नसा मेंदूला निरोप देतात, मेंदू ऑक्सिटोसिन सोडतो, त्याने कळ येते. कळ आली की डोकं आणखी दाबतं. म्हणून दर कळ आधीच्या कळेपेक्षा मोठी येणार. घाबरू नको. घाबरलीस तर कळा थांबतील." एवढं सांगून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले, घाबरते की काय म्हणून.

"मम्मी, इथं तरी वर्ग घेऊ नको," लेक म्हणाली.

मी गप्प झाले, पण चेहरा गप्प बसेना. दर कळेला ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि पुढची केवढी येणार हे तिला तिथे दिसायचं. तिच्या मुठी आवळलेल्या, खांदे कानाला लागलेले. थोड्या वेळाने सिस्टरने पोटावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "मॅडम, कळा मंदावून राह्यल्या. जरा बाहेर बसता का?"

मी लेकीकडे बघितलं. ती नाही म्हणेल असं वाटलं होतं.

"मम्मी, तू जाय. काकूले पाठव."

बाहेर बाकावर जाऊ डबा मांडीवर घेऊन बसली होती. "जा, तुला बोलावलंय," एवढंच मी म्हटलं. ती डबा माझ्या हातात देऊन धावत आत गेली, आणि दार पुरतं लागायच्या आत लेकीचं हसू ऐकू आलं. प्रसूतिगृहात, हसू. जाऊ तिला सोयाबीनच्या गंजीत निघालेल्या सापाची गोष्ट सांगत होती. जिला आयुष्यात एक कळ आलेली नाही ती माझ्या लेकीला कळा आणत होती.

दिवस भरत येतात तसे गर्भाशयातल्या नसांचे धागे झडतात, संप्रेरकांच्याच हुकमाने. आत शांतता हवी असते म्हणून. बाळंतपणानंतर ते पुन्हा हळूहळू फुटतात. मी तिथे बसले असताना माझी मात्र एकही नस झडलेली नव्हती. आतून जावेचा आवाज आला की प्रत्येक नस जागच्या जागी दुखायची. शेवटी डबा बाकावर ठेवून मी फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर गेले. तहान नव्हती, राग होता. चहा गार होईपर्यंत तिथेच बसले.

परत आले तेव्हा नात झालेली होती. जाऊ दारात उभी, बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, तिच्याच हातात. तिच्या मनगटावर लेकीच्या नखांचे लाल वळ उठले होते. तेसुद्धा मला दिले नाहीत, असं माझ्या मनात आलं.

तिने बाळ माझ्या हातात दिलं, पण नजर वर केली नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही, बाई."

"सांग ना."

"हात म्या धरला. तिचं वरडणं, नखं, समदं म्या सोसलं. अन् शेवटी जोर लावाच्या वक्ती हाका तुम्हाले मारे. मम्मी, मम्मी. म्या म्हटलं, काकू हाये ना व जवळ. तिले ऐकूच येईना." तिने पदराने नाक पुसलं. "मले लय वाईट वाटलं बाई, खोटं काऊन सांगू."

तिला जवळ घ्यायला हवं होतं. हात बाळाने भरलेले होते, हे एक बरं निमित्त मिळालं. शिवाय माझ्या पोटात असं काही गरम उतरत होतं की मला ते लवकर संपायला नको होतं.

"नक्की मम्मीच म्हणाली?" मी विचारलं.

"हाव," जाऊ म्हणाली.

मी तिला पुन्हा एकदा विचारलं.