मार्लिस आणि मधोमध तुटलेला ओंडका

मार्लिस किवेला आमच्या दुकानातली सगळ्यात जुनी कारागीर. मी काउंटरवर बसून फोन घ्यायचो आणि ती घरोघरी जाऊन गॅसच्या फायरप्लेस, म्हणजे भिंतीतल्या शेकोट्या, दुरुस्त करायची. सव्वीस वर्षं. आमच्या डुलुथ शहराच्या टेकडीवर तिनं गुडघे टेकून काजळी झाडली नाही असं घर शोधावं लागेल. अंगानं थोराड, तोंडानं फटकळ. नवऱ्यानं एकदा दारूच्या भरात तिचा जबडा मोडला होता. जबडा तारेनं बांधलेला असतानाच तिनं त्याचे सगळे कपडे खिडकीतून बर्फात भिरकावले आणि त्याला घराबाहेर काढलं. कुणी हळहळलं तर म्हणायची, "बूट चांगले होते त्याचे. तेवढे ठेवून घ्यायला हवे होते."

त्या फेब्रुवारीत, भर दुपारी, रेने स्टोल नावाच्या बाईचा फोन आला. ज्योत पिवळी, काच काळी, आणि दहा मिनिटांत आग विझते. मार्लिस गेली. तिथं काय झालं ते तिनं मला नंतर इस्पितळात सांगितलं.

तिनं गॅस बंद केला, सगळं गार होऊ दिलं, शेकोटीपुढची काच काढून सोफ्याला टेकवली. गॅसच्या शेकोटीत खरी लाकडं नसतात, लाकडासारखे दिसणारे भाजक्या मातीचे ओंडके असतात, आणि ते ठरलेल्या खुंट्यांवरच बसवायचे असतात. पुढचा ओंडका उलटा ठेवलेला होता, थेट बर्नरच्या भोकांवर. ज्योत त्यालाच चाटत होती, म्हणून एवढी काजळी. तिनं तो उचलला तर त्याचे दोन तुकडे हातात आले.

"हा कुणी बसवला?"

"कर्टनं. माझ्या नवऱ्यानं. माझ्या हातून पडला होता."

"पडला की कोपरा उडतो, पोरी. हा मधोमध तुटलाय."

घरात बसूनही रेनेनं लोकरीची टोपी कानाखाली ओढली होती.

"टोपी काढ बघू."

कानामागं बोटभर लांब जखम होती. केस रक्तानं चिकटून वाळले होते.

"कोट घाल," मार्लिस म्हणाली. "गाडी चालूच ठेवलीय मी."

रेनेनं एक बाही घातली तोच गॅरेजचं दार वर गेलं. कर्ट आत आला.

"दोन बायका मिळून एक शेकोटी पेटेना होय?"

"ओंडका तुटलाय. नवा येईपर्यंत गॅस बंद राहू द्या."

त्यानं कोटाकडं पाहिलं, बायकोच्या उघड्या डोक्याकडं पाहिलं. "काय सांगितलंस गं हिला?"

"काही नाही सांगितलं," मार्लिस म्हणाली. "मला डोळे आहेत."

शेकोटीशेजारी लोखंडी सळई होती, शोभेची. गॅसला कुठले निखारे सारायचे! ती त्यानं उचलली आणि रेनेवर उगारली. मार्लिसनं डावा हात मध्ये घातला. हाड मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. दुसरा फटका खांद्यावर बसला. उजव्या हातानं तिनं आपल्या हत्यारांच्या पेटीतला मोठा पाना उपसला आणि त्याच्या गुडघ्यावर हाणला. तो काचेवर कोसळला. काच फुटून त्याच्या पाठीत घुसली. तरी त्यानं तिचा घोटा पकडला. तिनं त्याच्या बोटांवर मारलं. बोटं सुटली. मग तोंडावर मारलं. दात पडले. मग पुन्हा मारलं. तो हात वर करून रडत होता.

रेनेनंच तिला मागून मिठी मारून ओढलं. "पुरे! अगं पुरे, मरेल तो!"

"मला थांबायचं नव्हतं रे," इस्पितळात छताकडं बघत मार्लिस मला म्हणाली. "तो रडत होता ना, ते मला बरं वाटत होतं."

कोर्टात कर्टच्या वकिलानं विचारलं, तो पडल्यावर किती वेळा मारलं? "मोजलं नाही," ती म्हणाली, "पण गरजेपेक्षा जास्त." आमच्या मालकानं कपाळावर हात मारून घेतला. कर्टला चार वर्षांची शिक्षा झाली, मार्लिसला न्यायाधीशांनी ताकीद देऊन सोडलं. रेने फार्गोला बहिणीकडं गेली. जाताना मार्लिसला भेटली नाही. मार्लिसनं आठवडाभर वाट पाहिली, मग म्हणाली, "मी तरी कशाला भेटले असते? मला बघितलं की तिला त्याचं तोंड आठवत असेल."

डावा हात पुन्हा धड वळला नाही. आता ती माझ्या शेजारी बसून फोनवर लोकांना घरच्या घरी सफाई शिकवते. आधी गॅस बंद. गार होऊ द्या. काढण्याआधी ओंडक्यांचा फोटो घ्या. मऊ ब्रशनं झाडा, पाणी लावू नका. गॅसचा वास आला तर काही न करता बाहेर पडा, मग फोन करा. बरेच दिवस ती हे पाठ केल्यासारखं म्हणायची.

परवा टू हार्बर्स गावचा एक म्हातारा फोनवर भांडत होता की ओंडके स्वच्छ धुतले तरी आग पेटत नाही.

"धुतले? कशात धुतले?" मार्लिसनं विचारलं. मग रिसीव्हर छातीशी धरून माझ्याकडं वळली. "भांडी धुण्याच्या मशीनमध्ये घातले म्हणतो!" आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.