चेसिसमधली माती

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाने मला फसवलं. त्याने आपली जुनी डिझेल जीप, फोर-बाय-फोर, मला विकली आणि तिची चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, मागच्या बाजूला सडली आहे हे सांगितलं नाही. दुसऱ्या कोणी फसवलं असतं तर मी हे लिहीत बसलो नसतो. त्याच दिवशी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो असतो.

मी अड्याळला धानाचा व्यापार करतो. त्याआधी राइस मिलमध्ये पोती उचलली, तिथल्याच मिस्त्रीच्या हाताखाली वेल्डिंग शिकलो, मग स्वतःचा काटा मांडला. पोतं घेताना मी माणसाच्या तोंडाकडे बघत नाही. पोत्यात खुपसून आतलं धान बाहेर काढायची एक टोकदार नळी असते, परखी. ती मी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा घालतो. वरचं धान सगळ्यांचंच चांगलं असतं. लोक मला फटकळ म्हणतात, चिवट म्हणतात. पण परखी न घालता मी घेतलेलं एक पोतं कोणी दाखवू शकणार नाही.

जीप मात्र मी परखी न घालता घेतली.

सासुरवाडी लाखांदूरच्या पलीकडे, धानाच्या बांधांमध्ये आहे. पावसाळ्यात तिथे जायचं तर चारही चाकं ओढणारी गाडीच लागते, म्हणून मला ती हवी होती. मी गेलो तो जावई म्हणून. पाय धुवायला पाणी, सारवलेल्या अंगणात खुर्ची, खांद्यावर नवा दुपट्टा. बॉनेट उघडलं, ऑइल बोटावर घेऊन हुंगलं, चार चाकांचा दांडा टाकून गाडी धानाच्या बांधीतल्या चिखलात घातली आणि बाहेर काढली. सगळं ठीक. उरलं फक्त खालून बघायचं. त्यासाठी पाठीवर झोपावं लागतं. अंगावर पांढरा सदरा, दारात सासूबाई उभ्या. जावई सासुरवाडीच्या अंगणात गाडीखाली लोळतोय, हे आमच्याकडे कोणी पाहिलेलं नाही. मी वाकलो, हात आत घातला आणि पान्याने चेसिसवर दोनदा ठोकलं. भरीव आवाज आला. मी खूश झालो.

चेसिस आतून पोकळ असते. ती वाजायला हवी होती.

मग तासभर घासाघीस झाली. शेवटी मेहुणाच थकला. "तुमच्यासंग कोण लागन जी, जवाईबापू. न्या," म्हणाला. परतीच्या वाटेवर मी बायकोला दोनदा सांगितलं, तुझ्या भावाला कसा खाली आणला ते.

दुरुस्ती मी स्वतःच करतो. गॅरेजवाल्यांनी मला इतक्या वेळा अर्धवट गाडी परत दिली आहे की आता माझे पाने आणि माझा घरामागचा कोठा बरा. पहिल्या महिन्यात ब्रेकची लाइनिंग बदलली, रेडिएटर धुतला, पुढच्या शाफ्टचा क्रॉस बसवला. मागचा पाटा, म्हणजे स्प्रिंग, करकरत होता, म्हणून त्याचे बुश काढायला घेतले. नट डिझेलमध्ये दोन दिवस भिजवून ठेवले होते. एका सकाळी ॲक्सलखाली सागाचा ओंडका ठेवला, चेसिसला जॅक लावून पाट्यावरचा भार काढला आणि खाली सरकलो.

पान्याला पाइप लावून जोर दिला तेव्हा लोखंड फाटल्याचा आवाज झाला. जॅकचं डोकं चेसिसमध्ये घुसलं होतं. गाडी चार बोटं खाली आली आणि ओंडक्यावर थांबली. त्या चार बोटांत माझा डावा खांदा पायरीच्या पट्टीखाली दाबला गेला. हाड मोडलं नव्हतं, पण हलता येत नव्हतं. वरून कोरडी माती माझ्या तोंडावर पडत होती, थांबतच नव्हती. डोळे मिटले, तोंड मिटलं, तरी दाताखाली कोंडा आला. धानाचा कोंडा मला अंधारातही कळतो. गाडीच्या पोटात तो कुठून आला, हे मात्र कळेना.

हाक मारायला तोंड उघडावं लागत होतं. दोनदा माती गिळून तिसऱ्यांदा आवाज निघाला.

बायको आली, खाली वाकली. "हलू नका," म्हणाली. कोपऱ्यातला दुसरा जॅक तिने ओढत आणला. मी सांगितलं, पुढे लाव, लोखंड जाड आहे तिथे. ती एकेक फेरा फिरवत होती आणि बोलत होती. "पोत्यात तीनदा खुपसता. गाडीत एकदाही काहून नाही खुपसली?" मी तोंडातली माती थुंकत होतो.

मी बाहेर आलो. चेसिसला हात जाईल एवढं भोक होतं. आत लिंपायची माती ठासून भरलेली, वरून पत्रा चिकटवलेला आणि त्यावर डांबर. बायकोने एक ढेकूळ उचललं, तळहातावर चुरलं. कोंड्याबरोबर बारीक धागे निघाले. ती धागे बोटांत धरून बघत राहिली.

"काय?"

"अंबाडी हाये. आमची माय भिंतीच्या मातीत अंबाडी कुटून टाकते."

मी सदरा घालू लागलो. ती दारात आडवी उभी राहिली. "डायवरनं भरली असन. गड्यानं भरली असन. भाऊ असं नाही करत."

"तर त्यालेच विचारतो."

"पोरीचं लग्न ठरलं हाये त्याच्या. तुमी तिथं तोंड उघडलं का मांडव मोडते. लग्न होऊ द्या. माझी शपथ हाये तुमाले."

मी बाजारात मूठभर पोचट धानासाठी माणसाला चारचौघांत उभा करतो. तोच मी दोन महिने तोंड शिवून बसलो. मेहुण्याचा फोन यायचा. दर वेळी शेवटी विचारायचा, "गाडी बरी चालते ना जी?" मी म्हणायचो, "बरी." बायको समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत असायची. गाडी विकावी तर कोणाला? एक गिऱ्हाईक आलंही होतं, अड्याळचेच एक मास्तर. त्यांनी वाकून बघितलंसुद्धा नाही. ते भोक पुन्हा मातीने भरणं मला अर्ध्या दिवसाचं काम होतं. मी त्यांना चहा पाजला आणि विकायची नाही म्हणून सांगितलं. गाडी विकता येईना, भांडता येईना, कोठ्यात गेलो की ती समोर उभी.

म्हणून दुरुस्त केली. सगळी माती खरवडून काढली. डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवली. सडलेला भाग कापत गेलो, चकचकीत लोखंड लागेपर्यंत. वरठीच्या भंगारवाल्याकडून जाड पट्ट्या निवडून आणल्या, हातोडीने वाजवून, एकेक. दिवसा व्होल्टेज पडायचं, वेल्डिंग धरायचं नाही, तेव्हा पहाटे उठून करायचो. आतून एक पट्टी, बाहेरून एक. नवे बुश, नवे यू-बोल्ट. वरून काळा रंग मारला. बघणाऱ्याला काही बदललेलं दिसलं नसतं. भरली गाडी मी पवनीपर्यंत नेऊन आणली, खड्डे न चुकवता. आता ती त्याच्याकडे होती त्याहून भक्कम होती, आणि हे आम्हा दोघांखेरीज कोणाला माहीत नव्हतं.

तेव्हा मला मेहुण्यासाठी परखी सापडली.

लग्नाला आम्ही जीपनेच गेलो. मांडवात पोरीच्या पाठवणीचं बोलणं निघालं. मी चारचौघांत मेहुण्याला म्हटलं, "भाऊ, पोर माझ्या जीपमध्ये जाऊ द्या. मी स्वतः चालवतो. गाडी तुमच्याच घरची हाये."

बायको बाजूला उभी होती. भाऊ आनंदाने हो म्हणेल, याची तिला खात्री होती. तो हो म्हणाला असता तर त्याला काही माहीत नव्हतं असं मीही धरलं असतं आणि आयुष्यभर चूप बसलो असतो.

त्याने हातातला पेला खाली ठेवला. "नको जी, जवाईबापू. पोरीले दुसरी गाडी सांगतली."

"काहून? त्या गाडीत काही खराबी हाये का?"

"खराबी नाही जी. पण नवरीले... जुनी गाडी हाये. रस्ता खराब हाये."

कोणीतरी हसून म्हणालं, "जवाई फुकट देऊन राहिले तरी घेत नाही."

तोही हसला, पण माझ्याकडे बघेना. मी बायकोकडे बघितलं. तिने पदर सावरला आणि आत निघून गेली. पाठवणी झाली, पोर दुसऱ्या गाडीतून गेली. बायको येऊन जीपमध्ये पुढे बसली. घरी उतरताना तिने पायरीच्या त्या पट्टीवर पाय ठेवला आणि थोडी थांबली.

लग्न झालं, शपथ संपली. आता विचारतो, भाऊ. मला फसवलंत ते सोडून देतो. वाकून बघितलं नाही ही माझी चूक. पण गाडी नेली त्या दिवशी तुमची बहीण तिच्यात बसून गेली. तुम्ही फाटकापर्यंत येऊन हात हलवला. जी गाडी पोरीला चालत नव्हती ती बहिणीला कशी चालली? मला सांगू नका. माझ्या दारी या, तिच्यासमोर बसा आणि तिला उत्तर द्या.