भिवापूरच्या मिरचीने लावलेला कबड्डीचा निकाल

मुलाचा रविवारी अमेरिकेतून फोन आला की आधी तिथली थंडी, मग माझे गुडघे आणि मग त्याचा फुटबॉल, असा आमचा क्रम ठरलेला आहे. तिकडच्या फुटबॉलमध्ये पायाला फारसं काम नसतं. चेंडू छातीशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला आडवं पाडायचं. परवा त्याच्या ऑफिसात म्हणे यावरून दिवसभर भांडण चाललं, की विजेतेपद आक्रमणाने मिळतं की बचावाने. "आई, तुला काय वाटतं?" त्याने विचारलं. मला काय वाटायचंय? मी हा निकाल डोळ्यांनी पाहून आलेय. सत्तरच्या दशकात, भिवापूरला. तेव्हा ही गोष्ट त्या प्रवासाची, आणि तिकडे जायचा बेत असलेल्यांसाठी थोडी वाटेची माहितीही, शिळी असली तरी.

आमचा मुलींचा कबड्डी संघ उत्तर नागपुरातल्या एका वस्तीचा. शिकवायला मेश्राम सर. सर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि जन्मात कधी कबड्डी खेळले नव्हते, त्यामुळे त्यांची मतं फार ठाम होती. "चढाई म्हणजे विजय!" हे ते रोज सांगायचे. पोरींनाही ते पटायचं, कारण टाळ्या चढाईला मिळतात. पकड करणारीच्या वाट्याला धूळ आणि कुणाची तरी टाच. म्हणून आमच्या सात जणींत सहा चढाईवाल्या होत्या आणि सातवी मी, डाव्या कोपऱ्यात. रोज संध्याकाळी सहाही जणी माझ्यावर धावून यायच्या. चढाईच्या त्या अतिरेकात माझी पकड पक्की होत गेली, आणि हे सरांच्या कधीच ध्यानात आलं नाही.

सहा जणींत खरी चढाई फक्त सुशीलाची. माझी मैत्रीण, शेजारच्या गल्लीतली. एका दमात सगळं मैदान फिरून यायची. भिवापूरच्या स्पर्धेचं पत्र आलं तेव्हा त्यात एक बातमी होती. एका सरकारी खात्याचे साहेब अंतिम सामना बघायला येणार होते. खात्याच्या संघात एक मुलगी हवी होती, आणि तिला कारकुनाची कायम नोकरी. एकीलाच. मॅट्रिक पास आम्ही दोघीच होतो. सुशीलाचे वडील गेलेले, आई विड्या वळायची, मागे दोन भावंडं. माझे बाबा गिरणीतून निवृत्त व्हायला आले होते. नोकरी दोघींनाही हवी होती आणि दोघींना ते ठाऊक होतं, म्हणून त्याबद्दल आम्ही अवाक्षर काढलं नाही.

निघालो इतवारीहून, छोट्या रेल्वेने. ती लाइन आता रुंद करायला घेतल्याने बंद आहे, तेव्हा तुम्ही आपले उमरेडमार्गे बसने जा. आमची गाडी इतकी सावकाश चालायची की एका स्टेशनावर मेश्राम सर पेरू घ्यायला उतरले, भाव करत बसले, गाडी सुटली आणि तरी ते चालत येऊन चढले. "पाहा, याला म्हणतात चढाई," डब्यात पाय टाकत ते म्हणाले. उमरेडला चहा घेतला आणि पोहे खाल्ले. पोह्यांवर तर्री, म्हणजे चण्याचा झणझणीत रस्सा, मागून घ्या, नाहीतर दुकानदार तुम्हाला पुण्याचे समजेल.

भिवापुरात उतरल्यावर आधी नाकाला कळतं कुठे आलो ते. जिकडे बघावं तिकडे मिरची वाळत घातलेली. अंगणात, खळ्यात, अगदी शाळेच्या ओट्यावरसुद्धा. आम्ही सात जणी आणि सर ओळीने शिंकत गावात शिरलो. पहिल्या दिवशी दोन सामने जिंकलो. सुशीलाच्या चढाया बघायला माणसं झाडावर चढली होती. माझ्या पकडी बघायला कुणी चढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंतिम सामना, यजमान संघाशीच. आणि तिथली रीत अशी, की अंतिम फेरीत आलेल्या पाहुण्या संघाला सामन्याआधी यजमान संघाच्या कर्णधाराच्या घरी जेवण. कर्णधार रंजना. तिच्या आईने, म्हणजे काकूंनी, वांग्याची भाजी, भाकरी आणि पाट्यावर वाटलेला ठेचा केला होता. ठेचा पानात वाढताना त्या एवढंच म्हणाल्या, "थोडाच घ्या वं पोरींनो. नागपूरच्यांले आमचं तिखट झेपत नाई."

झालं. नागपूरच्या माणसाला मूर्ख म्हणा, आळशी म्हणा, तो हसून सोडून देईल. तिखट झेपत नाही म्हणू नका.

"वाढा काकू," सुशीला म्हणाली. "आम्ही घरी याहून तिखट खाऊन राहिलो रोज."

"अजून घेतं का वं?"

"वाढा ना!"

सहाही जणींनी तीन-तीनदा घेतला. सरांनीही घेतला, आणि नंतर बराच वेळ ते विहिरीकडे तोंड करून उभे होते. माझं तोंड आलेलं होतं, मी ताकभात खाल्ला. "काहून वं, जीभ सोलली का तुही?" म्हणून सगळ्या माझ्यावर हसल्या. काकूंनी स्वतःच्या लेकीला त्या दिवशी भाकरी आणि दूध दिलं होतं, हे मला मागाहून कळलं.

पुढे काय झालं ते सोपं आहे. चढाई करणारीने एका श्वासात "कबड्डी, कबड्डी" म्हणत राहायचं असतं. दम तुटला की बाद. सुशीला मध्यरेषा ओलांडून गेली, "कबड्डी, कबड्डी, हिक्" झालं आणि बाद. दुसरी गेली, तिलाही उचकी. आमच्या पोरी जाऊन उचकी देऊन बाद व्हायच्या, त्यांच्या पोरी यायच्या आणि मी त्यांना धरायची. दर पकडीला आमची एक जण आत यायची आणि पुन्हा उचकी द्यायला जायची. "चढाई करा! चढाई!" सर बाहेरून ओरडत होते, मध्येमध्ये उचकत.

शेवटी गुण सारखे झाले, आणि शेवटची चढाई रंजनाची. सुशीला पुन्हा बाद होऊन रेषेबाहेर उभी होती. रंजना डाव्या कोपऱ्याकडे आली, पाय टाकला, आणि मी घोटा धरला. बाकीच्या तिघी वरून पडल्या. माझ्या तोंडात माती गेली तरी मी सोडलं नाही. एका गुणाने जिंकलो.

मी माती थुंकत उठले तोवर साहेब सुशीलासमोर उभे होते. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, नाक लाल, ओठ थरथरत. "खेळाची एवढी तळमळ मी पाहिली नाही," साहेब सरांना म्हणाले. "हीच मुलगी हवी." सुशीला काही बोलू गेली आणि उचकी लागली. साहेबांना तो हुंदका वाटला. त्यांचेही डोळे पाणावले.

मला फार वाईट वाटलं. आजही ते नाकारणार नाही. परतीच्या गाडीत सुशीला माझ्या शेजारी बसली.

"कुंदा, मी रडून नव्हती राहिली वं. ठेचा होता तो."

"मले माहीत आहे."

"साहेबाले चिठ्ठी लिहू का? पकड तुही होती म्हणून?"

मला 'लिही' म्हणायचं होतं. उमरेडला उतरून दोघींसाठी चहा आणला. मग म्हणाले, "नको लिहू. तुह्या आईले आधी सांग."

सुशीलाने त्या नोकरीवर दोन्ही भावंडं शिकवली. मी शिवणाचे क्लास काढले, बरे चालले. भिवापूरला मिळालेली ढाल आमच्या वस्तीतल्या मंडळाच्या कपाटात गंजली. मेश्राम सर शेवटपर्यंत सांगत होते की भिवापूर आपण चढाईवर जिंकलं.

मुलाला मी हे सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, ऑफिसात कुणाला पटणार नाही. नसेल पटत. सुशीला निवृत्त झाली त्या दिवशी ऑफिसने दिलेली शाल घेऊन ती रिक्षाने थेट मनीषनगरला माझ्या घरी आली होती. दारातच तिने ती माझ्या खांद्यावर टाकली. डोळे वाहत होते.

"काहून वं," मी विचारलं, "ठेचा खाऊन आली का?"

"नाई," ती म्हणाली. "आज नाई."