सतरा नंबरचं घर

किसनतात्या गेले ते मला कुणी येऊन सांगितलं नाही. सकाळी चहाच्या रांगेत पेला घेऊन उभा होतो. आमच्या वृद्धाश्रमाचा केअरटेकर ऑफिसातून बाहेर आला आणि झाडणाऱ्या बाईला म्हणला, "सतरा नंबरची गादी उन्हात टाका. आता लागत न्हाई ती." बाई म्हणली, "का वो?" तो म्हणला, "फोन आलता. खपलं म्हातारं गावाकडं." एवढंच. रांग पुढं सरकली. मागचा म्हणला, चला की वो. मी चाललो. पेल्यात चहा पडला, तो प्यालो बी. तेव्हा मला काहीच झालं नाही... ते नंतर झालं.

त्याला आता महिना उलटून गेला. रविवारी आमच्याकडं एक मास्तर येतात, ते म्हणले, बाबा, पेपरच्या पुरवणीत लिहा, मी नेऊन देतो. मी चौथी शिकलेला. जन्मभर गवंडीकाम केलं, गाव चारठाणा. बायको सुलोचना वारली तसा पोरगा म्हणला, बाबा, थोडे दिवस आश्रमात राहा. थोडे दिवस म्हणजे किती, ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्याला दोष देत नाही, त्याची एकच खोली आहे. आश्रम गंगाखेडच्या रोडला. पत्र्याचे दोन लांब हॉल, एक बायांचा, एक आमचा. आश्रमाचं नाव लिहीत नाही, मला अजून तिथंच राहायचंय. तिथं माणसाला नंबर असतो. पेट्या ऑफिसात कुलपात. दुपारचं जेवण झालं की गेटला कुलूप. अंघोळ नळीनं, अंगणात, सगळ्यांची एकदम, उघड्यावर. मारझोड नाही, खोटं बोलणार नाही, भाकर बी वेळेवर मिळते. पण गोळी आहे. कुणी रडलं, आरडलं, जेवायला नको म्हणलं, की त्याला पांढरी गोळी. गोळी घेतलेला माणूस भिताडाला टेकून बसतो आणि त्याच्या तोंडातून लाळ गळते, त्याला कळत नाही. त्याला तिथं शांत झाला असं म्हणतात. जुन्या भिंतीचा गिलावा खरवडावा तसा माणूस आतून खरवडला जातो, आणि वरून कुणाला दिसत नाही.

मी आलो त्या दिवशी पाय दुखायले होते, म्हणून जवळ जी खाट दिसली तिच्यावर टेकलो. खाटेवरचा म्हातारा म्हणला, "चपला काढा, पाव्हणं. आन् बाहीर जाऊन इचारून या." मी म्हणलं, "कुठं बाहीर? हॉलातच हाय की सगळं." तो म्हणला, "खाली गोणपाट दिसंना का? त्यो उंबरा हाय." मला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. उठलो, रागातच. मी म्हणलं, "आता काय इचारू तुमाला?" तो म्हणला, "तुमच्या गावात लोकाच्या घरात सरळ घुसतेत का? घरी हायेत का, म्हणून इचारत न्हाईत?" पिच्छा सुटावा म्हणून गोणपाटाच्या अलीकडं उभा राहिलो आणि म्हणलं, घरी हायेत का... त्यासरशी त्याचं तोंडच बदललं. लांबून कुणी सोयरा आल्यासारखा सरकून बसला. "हाव हाव, या की. बसा." तांब्यातलं पाणी दिलं. उशीखाली कागदात गुळाचा खडा होता, तो दिला. सुलोचना गेल्यापासून मला कुणी बसा म्हणलं नव्हतं. पोरानं गाडीतून उतरा म्हणलं होतं, ऑफिसवाल्यानं अंगठा द्या म्हणलं होतं. बसा कुणीच म्हणलं नव्हतं. ते किसनतात्या, ताडकळसचे.

पुढं बघितलं तर अर्ध्या हॉलात खाटेच्या पायथ्याला गोणपाट. सगळे तात्यांनीच टाकायला लावलेले. एकमेकांना नंबरनं हाक मारायची नाही, गावाच्या नावानं मारायची. मी चारठाणकर झालो. तात्यांच्या पलीकडचा गंगाखेडकर. संध्याकाळी एकमेकांच्या घरी जायचं, बाहेरून विचारायचं, आणि आतला घरी न्हाई म्हणला तर समोर पडलेला दिसत असला तरी मागं फिरायचं. राग धरायचा नाही. गंगाखेडकराची खाट झोपेत सरकायची, त्यावरून दोघांचं रोजचं. तात्या म्हणायचे, "गंगाखेडकर, बांध कोरायलाव तुमी." गंगाखेडकर म्हणायचा, "म्या कशाला कोरू? खाट सरकती." "सरकती व्हय. तुमच्या बापाच्या काळापासून सरकायलीय ती माझ्याकडंच." "मंग मोजणी आणा की तात्या. सरकारी आणा." हॉल हसायचा. हसण्याचा आवाज आला की केअरटेकर काय झालं म्हणून दारात यायचा, कारण तो आवाज तिथं कमीच.

हे सगळं तात्यांना कुठून सुचलं, ते त्यांनी एकदा सांगितलं. तात्या नोकरीभर जेलात शिपाई होते. बौद्ध घरातले, घरातली पहिली सरकारी नोकरी त्यांची, त्यामुळं सोडायची तर सोय नाही. म्हणायचे, "कैद्याला सुटायची तारीख असती, चारठाणकर. मला न्हवती." सुरवातीच्या वर्षांत लय चिडके झाले. घरी बायकोनं ताट पुढं केलं तरी कैद्याला दरडावावं तसं बोलायचे. एकदा बराकीत झडती होती. जन्मठेपेचा एक कैदी, त्याचं घोंगडं खाली अंथरलेलं, तात्यांनी त्यावर बुटासकट पाय दिला. कैदी म्हणला, "साहेब, कुलूप तुमचं, भिताड सरकारचं. घोंगडं माझं घर हाय. बूट काढा, मंग काय झडती घ्यायची ती घ्या." तात्यांनी मारायला हात उचलला. उचलला तो तसाच राहिला, आणि खाली बसून ते बुटाच्या नाड्या सोडू लागले. का, ते त्यांनाही कळलं नाही. "त्या दिशी घरी गेलो," तात्या म्हणले, "तर दारात उभा राहून बायकोला म्हणलं, येऊ का आत? ती म्हणली, दारू पिऊन आलाव का? पर तवापासून रोज इचारायचो. शिपाई बाहीर थांबायचा आन् किसन आत जायचा." बायको त्यांच्या आधीच गेली. लेकरूबाळ नव्हतं. पुतण्याला भार नको म्हणून आपल्या पायांनी चालत आश्रमात आले.

मी आलो त्या दिवसांत जेवण सोडलं होतं. ठरवून नाही, घास खाली जायचाच नाही. केअरटेकर म्हणला, ह्याला गोळी लावा उद्यापासून. त्या दिवशी तात्या माझ्या गोणपाटापाशी येऊन उभे राहिले, "चारठाणकर, घरी हायेत का?" मी बोललो नाही. गेले. परत आले, परत तेच. मी म्हणलं, न्हाई. "बरं, येतो मंग मागनं." आणखी आले तेव्हा मीच वैतागून म्हणलं, या. बसले आणि म्हणले, "आज वहिनीनं काय रांधलंय?" मला असा राग आला... म्हणलं, "मेली ती. ठाव न्हाई का तुमाला?" ते म्हणले, "ठाव हाय. म्या ते न्हाई इचारलं. काय रांधायच्या ते इचारायलो." मग सांगावंच लागलं. अंबाडीची भाजी करायची सुलोचना, आणि मीठ कायम जास्ती. जन्मभर आमचं मिठावरून भांडण. मी म्हणायचो खारट झालं, ती म्हणायची, तुमच्या जिभंला शिमिट लागलंय, तुमाला काय चव कळती. तात्या हसले. मलाही हसू आलं, आणि हसता हसताच ते फिरलं. रडू दाबलं जाईना. तात्या उठले. "आता म्या जातो. चादर घ्या डोक्यावरून आन् दार लावून घ्या. रडायचं ते घरात रडा, ह्यांच्यापुढं न्हाई. ह्ये लोक गोळी देतेत." चादरीच्या आत मी तोंडात कापड कोंबून रडायलो आणि बाहेर केअरटेकर आलेला ऐकू आला. तात्या त्याला म्हणले, "घरी न्हाईत ते." तो म्हणला, "हितं तर पडलंय की." तात्या म्हणले, "गावाला गेलेत. सांजच्याला येतील." तो काहीतरी पुटपुटत गेला. त्या संध्याकाळी मी अर्धी भाकर खाल्ली. मला गोळी कधीच लागली नाही.

थंडीत तात्यांना दम लागायला सुरवात झाली. आडवं होता यायचं नाही, उशी मांडीवर घेऊन बसून झोपायचे. मॅनेजर म्हणला, मागच्या खोलीत हलवा. मागच्या खोलीत खाट नाही, खाली गादी, आणि दार बाहेरून लागतं. तिथं गेलेला माणूस हॉलात परत आलेला आम्ही बघितलेला नाही. तात्यांनी मॅनेजरचा हात धरला, "साहेब, मला माझ्या घरी मरू द्या." मॅनेजर वाईट माणूस नाही. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्याला वाटलं, म्हातारा ताडकळसला जायचं म्हणायलाय. लगेच पुतण्याला फोन लावला. मी पुढं झालो, म्हणलं, "साहेब, त्यांचं घर ह्ये हाय. ही खाट." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मायेनंच म्हणला, "बाबा, तुमी बसा बरं खाली. गोळी घेतली का आज?"

पुतण्या राजू दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन आला. बायकोही बरोबर आली होती, तिनं टेम्पोत गादी घातली होती. पोरगा रडायला लागला, "तात्या, चला घरी. आमचंच चुकलं, आदीच न्यायला पायजे होतं." मी परत तोंड उघडणार, तर तात्यांनी हातानं थांबवलं. हळूच म्हणले, "पोरगं न्यायला आलंय, चारठाणकर. कसं न्हाई म्हणू?" दोघांनी धरून उठवलं. गोणपाटापलीकडं थांबून त्यांनी चपला घातल्या, आपल्या हातानं, दम खात. राजू वाकला होता घालायला, त्याला घालू दिल्या नाहीत. मग मला म्हणले, "कुणी इचारलं तर सांगा, घरी न्हाईत म्हणून." आणि गेले. मी तेच सांगत होतो सगळ्यांना, गादी उन्हात टाकली त्या सकाळपर्यंत.

त्या सकाळी चहा पिऊन खाटेवर आलो, चादर ओढली, आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. कापड कोंबलं तरी आवाज बाहेर जायलाय हे मलाच कळत होतं. केअरटेकर गोळ्यांचं ताट घेऊन आला. गंगाखेडकर म्हणला, "ते घरी न्हाईत." पलीकडून कुणी म्हणलं, "गावाला गेलेत." तिसरा म्हणला, "यायला उशीर हाय त्यास्नी." केअरटेकर भडकला, म्हणला, सगळेच येडे झालाव, सगळ्यांनाच देऊ का गोळ्या? गंगाखेडकर म्हणला, "द्या की. पुरतील का बघा." तो तसाच माघारी गेला.

मागच्या आठवड्यात राजू तात्यांचा तांब्या न्यायला आला होता. खाली मान घालून माझ्यापाशी बोलत राहिला. म्हणला, "तात्याला काय कमी पडू दिलं न्हाई वो. पर खोलीत कुणी गेलं की खवळायचे. आन् शेवटी शेवटी एकच इचारायचे, चारठाणकर घरी हायेत का? चारठाणकर घरी हायेत का? आमाला वाटलं भरकटलेत. गावात चारठाणकर कोण हाय म्हणून आमी चार जागी इचारून बी आलो." मी म्हणलं, "मंग काय सांगितलं तात्याला?" तो म्हणला, "काय सांगणार बाबा... गप बसलो." मी म्हणलं, "हायेत म्हणून सांगायचं असतं." पोरगं बघतच राहिलं माझ्याकडं. त्याला समजावून सांगायचं माझ्यानं झालं नाही. तांब्या त्याच्या हातात दिला.

तात्यांची खाट बायांच्या हॉलात नेली, तिकडं कमी पडत होती. झाडणाऱ्या बाईनं गोणपाट फरशी पुसायला घेतला. आता तिथं नुसती फरशी आहे, आणि खाटेच्या पायांचे चार गंजलेले डाग. संडासाला जायची सरळ वाट त्या चार डागांमधून पडते. तरी एकेक म्हातारा काठी टेकत येतो, डागापाशी थांबतो आणि वळसा घालून पुढं जातो. गुडघे दुखतात, जोराची लागलेली असते, तरी वळसा घालतो. परवा केअरटेकर गोळ्यांचं ताट घेऊन घाईनं आला. तोही तिथं येऊन वळला. का वळला ते त्याला माहीत नसावं. मी माझ्या खाटेवरून बघत होतो. कडेकडेनं, भिताडाला अंग घासत, तो पुढं गेला.