जाळीवाली

जाळीवाली भाजी आणायला निघाली की साऱ्या गल्लीला कळतं. कोपऱ्यावरचं पिवळं कुत्रं आधी कान टवकारतं, मग उठून उभं राहतं आणि घरात चोर शिरल्यासारखं भुंकायला लागतं. त्याचं ऐकून पलीकडच्या गल्लीतली आणखी दोन-चार सूर धरतात. तोवर ती भाजीवाल्यापाशी पोचलेली असते, आणि भाजीवाला मान वर न करताच म्हणतो, "या ताई. तुम्ही येताय ते आत्ताच कळलं."

देशभर शाखा असलेल्या एका प्राणी कल्याण संस्थेच्या इथल्या केंद्रात ती कामाला आहे. रस्त्यावरची कुत्री जाळीने पकडायची, गाडीतून केंद्रात आणायची. तिथे डॉक्टर त्यांची नसबंदी करतात, रेबीजची लस टोचतात, खूण म्हणून कानाच्या टोकाला बारीकशी खाच पाडतात. जखम भरली की जिथून उचललं तिथेच नेऊन सोडायचं. हे शेवटचं लोकांना अजिबात पटत नाही. एवढं पकडलंत तर सोडा की लांब कुठेतरी, असं प्रत्येक गल्लीत एक तरी शहाणा सांगतोच. ती त्याला विचारते, "तुम्हाला झोपेतून उचलून परक्या गल्लीत सोडलं आणि तिथल्या सगळ्यांनी मिळून बडवलं, तर चालेल का?" शहाणा मान डोलावतो, पण पटलेलं नसतंच.

कुत्र्यांना यातलं काय कळणार! बाई जाळी घेऊन आली आणि पुढचे काही दिवस पोट दुखत होतं, एवढंच त्यांच्या लक्षात राहतं. आणि त्यांचं लक्षात ठेवणं म्हणजे अगदी पक्कं. तिची गाडी, तिची चाल, तिच्या अंगाचा वास, सगळं त्यांना पाठ आहे. जिच्यामुळे या भागात पिसाळलेलं कुत्रं दिसेनासं झालं, जिच्यामुळे दर थंडीत गटारात मरून पडणारी पिल्लं कमी झाली, तिला बघून एकही कुत्रं शेपूट हलवत नाही. दुसरं कोणी असतं तर केव्हाच वैतागून गेलं असतं. ही हसते आणि म्हणते, "भुंकतंय ना? म्हणजे धडधाकट आहे."

तिच्या सासूबाईंना मात्र हसू येत नाही. लहानपणी कुत्र्याने पोटरीचा लचका तोडला होता, तेव्हापासून त्या कुत्रं दिसलं की रस्ता बदलतात. सुनेसाठी त्यांचा नियम कडक आहे: कामावरून आल्यावर मागच्या पायरीवरच थांबायचं, कामाचे कपडे बाहेरच्या बादलीत टाकायचे, आंघोळ झाल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही. शेजारच्या बायकांनी विचारलं तर "आहे एका संस्थेत नोकरीला" एवढं सांगून त्या विषय बदलतात. जाळीवाली हे नाव पोरांनी पाडलेलं, साऱ्या वस्तीच्या तोंडी रुळलेलं. सासूबाईंच्या घरात मात्र ते कोणी उच्चारायचं नाही. एकदा जेवताना त्या म्हणाल्या, "सगळा जन्म कुत्र्यांसाठी खपतेस आणि एक कुत्रं तुझं तोंड बघायला तयार नाही." त्यावर तिचा नवरा, जो शिलाई मशिनी दुरुस्त करतो आणि नको तिथे तोंड उघडतो, म्हणाला, "मी तरी कुठे तयार असतो आई? फक्त भुंकत नाही." त्या दिवशी त्याला दुसरी वाढ मिळाली नाही.

जाळी टाकण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. ती कुत्र्यामागे कधी धावत नाही. त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसते, इकडेतिकडे बघत राहते, आणि कुत्र्यालाच जेव्हा उत्सुकता वाटून ते जवळ येतं तेव्हा जाळी अशी अलगद पडते की त्याला ओरडायलाही सुचत नाही. आणि तिचा एक कायदा आहे. मादी असली तर गाडीत चढवण्याआधी तिच्या पोटावरून हात फिरवायचा. दूध असेल तर तिथल्या तिथे सोडून द्यायचं, पिल्लं अन्नाला लागली की मग पुन्हा यायचं. केंद्रात नवीन माणूस लागलं की चहाच्याही आधी हा कायदा त्याच्या कानावर पडतो.

आणि त्या दिवशी तो कायदा तिनेच मोडला.

लाकडाच्या वखारीतून तक्रार आली होती. एक तपकिरी कुत्री हमालांच्या अंगावर धावते, काम करू देत नाही. सकाळी ती पोचली तेव्हा वखारीसमोर बघे जमले होते आणि एक हमाल फळी उगारून कुत्रीला कोपऱ्यात कोंडत होता. तिने जाळी टाकली. फळी अजून हवेत होती. तिने जाळीसकट कुत्रीला उचललं, गाडीतल्या पिंजऱ्यात घातलं, दार लावलं आणि मगच त्या हमालाला चार शब्द सुनावले. कुत्रीचं डोकं फुटलं नाही याचंच तिला समाधान वाटत होतं. पोटावरून हात फिरवायचा राहून गेला.

दुपारी डॉक्टरांनी हाक मारली. "ताई, जरा इकडे या." डॉक्टर म्हणजे शांत स्वभावाची बाई, तिने इंजेक्शन भरून ठेवलेलं होतं, ते बाजूला केलं आणि आपलं बोट पुढे धरलं. बोटावर दुधाचा थेंब होता.

जाळीवालीला सकाळचं सगळं उलगडलं. कुत्री उगाच अंगावर धावत नव्हती. तिथेच कुठेतरी तिची पिल्लं होती, आणि ती सकाळपासून आईवाचून पडली होती.

"होतं ताई असं कधीतरी," डॉक्टर म्हणाली.

"माझ्याकडून नाही होत," असं म्हणून तिने लगेच पिंजरा उचलला. "झालंय खरं."

ड्रायव्हरने गाडी जमेल तेवढी पळवली. वखारीत फळ्यांच्या थप्प्या भिंतीला टेकून पार छतापर्यंत गेलेल्या, आणि फाटकात एक ट्रक माल भरायला उभा. वखारवाला संस्थेची गाडी पाहून कपाळाला आठ्या घालूनच आला. "परत आणलीत? तिला?"

"एका थप्पीत तिची पिल्लं आहेत," ती म्हणाली. "कुठल्या ते माहीत नाही. ते कळेपर्यंत एकही फळी हलवू नका. चूक माझी आहे. मी तपासायला हवं होतं."

भांडायला आलेल्या माणसासमोर चूक कबूल केली की तो जरा गडबडतोच. वखारवाल्याने करवत बंद करायला सांगितली. "ट्रकवाल्याला चहा पाजून बसवतो. पण एक चहा किती वेळ पुरणार ताई? संध्याकाळच्या आत माल निघालाच पाहिजे."

तिने आणि ड्रायव्हरने प्रत्येक थप्पीला कान लावला, फटींतून बॅटरी मारली. आवाज नाही की हालचाल नाही. मग तिने पिंजऱ्याचं दार उघडलं. आई आपणच दाखवेल, दुसरा उपाय नव्हता. कुत्री बाहेर आली, आवाराच्या मधोमध बसली आणि जाळीवालीवर डोळे रोखून भुंकायला लागली. जाळीवाली फाटकाबाहेर गेली. कुत्री फाटकाकडे बघत भुंकत राहिली. गाडी कोपऱ्यामागे नेली. हमाल आत लपले, पण कुत्रीला ते कुठे आहेत ते चांगलं ठाऊक होतं. ज्यांनी फळी उगारली आणि जिने जाळी टाकली, त्यांच्यासमोर ती आपल्या पिल्लांचा पत्ता कशाला देईल? आणि सगळे निघून गेले तर ती कुठे शिरली ते बघणार कोण?

हवं होतं असं माणूस, ज्याला कुत्रीने आधी पाहिलेलं नाही, ज्याच्या अंगाला कुत्र्यांचा वास नाही, जे तिच्या जवळ तर जाणार नाहीच, पण तिच्याकडे धड डोळे वर करून बघणारही नाही. असं एकच माणूस तिला माहीत होतं, आणि ते घरी मटार सोलत बसलं होतं.

घर मागच्याच गल्लीत. ती धावत गेली आणि मागच्या पायरीवर थांबली. एवढ्या घाईतही नियम मोडला नाही.

"आई, माझ्याबरोबर वखारीत चला. नुसतं बसायचंय. कुत्री कुठे शिरते तेवढं मला फोन करून सांगायचं."

"कुत्री? आणि मी?" सासूबाई हातातली शेंग तशीच धरून म्हणाल्या. "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"तिच्याकडे बघूसुद्धा नका."

"आणि चावली म्हणजे?"

"नाही चावणार असं मी सांगत नाही," ती म्हणाली. याबाबतीत ती कोणाशीच खोटं बोलत नसे. "पण तिची पिल्लं सकाळपासून उपाशी आहेत आई. माझ्यामुळे. सापडली नाहीत तर फळ्यांखाली चिरडतील."

बोलता बोलता तिला रडू फुटलं. सुनेला रडताना सासूबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. दरवाजे आपटताना पाहिलं होतं, कुत्र्याने चावा घेतलेला हात धुताना पाहिलं होतं, पण हे नवीन होतं. आणि इतकी वर्षं त्या पायरीवर निमूट उभी राहणाऱ्या या बाईने त्यांच्याकडे कधी काही मागितलंही नव्हतं. सासूबाई उठल्या. मटारची परात उचलून म्हणाल्या, "ही घेते बरोबर. रिकामे असले तर हात कापतील माझे."

वखारीच्या आवारात एक स्टूल ठेवलं, त्यावर त्यांना बसवलं, आणि जाळीवाली कोपऱ्यामागे गाडीत जाऊन बसली. फोन हातात. साऱ्या आयुष्यात कुत्र्यांच्या पुढे जायचं तिला कळत होतं. मागे राहायचं तिला येत नव्हतं. आधी भुंकणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं. आता शिरली असेल, आता फोन येईल. फोन येईना. कुत्री अंगावर गेली की काय? म्हातारीला घेरी आली की काय? ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. ती दार उघडायला गेली तर ड्रायव्हरने हात धरला. "ताई, आत्ता गेलात तर सगळं पाण्यात जाईल."

हॉर्न पुन्हा वाजला. वखारवाला कोपऱ्यावरून आला, त्याचाही चेहरा पडलेला. "ताई, तो आता निघून जाईन म्हणतोय. मला माणसं लावावीच लागतील." आणि तेवढ्यात फोन वाजला.

"ये," सासूबाई कुजबुजल्या. "हळू ये."

ती फाटकात पोचली तेव्हा सासूबाई स्टुलावर ताठ बसल्या होत्या. परात मांडीवर, पण निम्मे मटार जमिनीवर सांडलेले. त्यांनी हनुवटीनेच दाखवलं. ट्रकच्या अगदी शेजारची थप्पी, पहिल्यांदा तीच भरायची होती. खाली विटांचा आडोसा, आणि त्यामागे अंधार.

"माझ्या पायाजवळून गेली," त्या म्हणाल्या. "मटार हुंगले आणि गेली आत. कधीचीच."

"मग फोन का नाही केलात?"

"पाजू दे म्हटलं आधी. तू आलीस की ती उठली असती."

जाळीवाली बॅटरी घेऊन पुढे सरकली, तशी थप्पीखालून गुरगुर आली आणि मागोमाग भुंकणं. ती तिथेच थांबली. सासूबाईंनी एक सुस्कारा टाकला, बॅटरी तिच्या हातातून काढून घेतली, गुडघ्यावर हात टेकत वाकल्या आणि एक डोळा मिटून आत बघितलं. गुरगुर थांबली.

"पितायत," त्या म्हणाल्या. "सगळी पितायत. एक जरा मंद दिसतंय, पण तेही चिकटलंय."

वखारवाल्याने खिशातला खडू काढून त्या थप्पीवर मोठी फुली मारली आणि हमालांना पलीकडच्या बाजूने माल भरायला सांगितलं. मग तो या वाकलेल्या, हातात बॅटरी धरलेल्या म्हातारीपाशी आला. तिला त्याने कधी पाहिलेलं नव्हतं.

"आजी, तुम्ही पण संस्थेतल्या का?"

फाटकाकडे सरकलेल्या सुनेवर कुत्री पुन्हा भुंकायला लागली होती. त्या आवाजातही सर्वांना ऐकू जाईल असं सासूबाई म्हणाल्या, "नाही हो. मी जाळीवालीची सासू." आणि खाली बसून सांडलेले मटार वेचू लागल्या.