मुलुंडच्या परसातला बोर्निओ

आमच्या भावोजींनी आग्नेय आशिया जितका उभा-आडवा खणला, तितका कुठल्या बादशहानेही खणला नसेल. आणि तोही मुलुंडच्या भाड्याच्या घरामागे, एका खुरप्याने. भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. फोर्टातल्या एका जहाज कचेरीत कारकून होते. मालाच्या याद्या उतरवता उतरवता जावा, सुमात्रा, बोर्निओ ही नावे त्यांच्या अंगात भिनली. स्वतः मात्र ते बोटीत चढायचे नाहीत. एकदा रेवसच्या बोटीत ओकून ओकून अर्धे झाले होते. तेव्हापासून समुद्र त्यांना जमिनीवरच बरा वाटे.

म्हणून त्यांनी परसातच नकाशा रचला. मातीचे उंचवटे ती बेटे, मधले पाण्याचे चर ते समुद्र. "नुसते डोंगर सांगून भूगोल होत नाही, माणसं हवीत," असे म्हणून त्यांनी बेटे शेजाऱ्यांना वाटून टाकली. गावठाणातल्या फिलोमीनाबाय कॅथलिक, म्हणून त्यांना फिलिपाइन्स. तिथे त्यांनी केळ लावली. मोरीतली बादली ओतली की तिच्यावर वादळ येई. कासमभाई शिंप्यांना जावा. त्यांचा गवती चहा आमच्या शेगडीच्या राखेवर कमरेएवढा वाढला, तेव्हा भावोजी म्हणाले, "ज्वालामुखीची कृपा, कासमभाई!"

"अल्लाची म्हणा. आणि वहिनींची. राख त्याच टाकतात."

ताईचे तुळशीवृंदावन आधीपासून होतेच. ते बाली झाले, कारण तिथले लोक हिंदू. कपड्यांची दोरी झाली विषुववृत्त. पंचाईत एकच होती. स्वयंपाकघरातून बालीला जाणारी सरळ वाट बोर्निओवरून होती, आणि ताई रोज सकाळी तांब्या घेऊन बोर्निओ तुडवत जाई.

"अगं, बोर्निओ! वळसा घालून जा!"

"वळसा घालायला मी काय तुमची आगबोट आहे?"

"बरं, निदान ते परकर विषुववृत्तावर नकोत."

"मग काय उत्तर ध्रुवावर वाळत घालू?"

एके दिवशी घरमालक शेटजी टेप घेऊन आले. परसात त्यांना दोन खोल्या काढायच्या होत्या. भावोजींचा चेहरा उतरला. फिलोमीनाबाय कोयता घेऊन केळीपाशी उभ्या राहिल्या. "माजी केल हाय ती. हात तर लावून बघ!"

भावोजींना भांडता येत नसे. ते हळूच म्हणाले, "शेटजी, न्यू गिनी अजून कोणाला दिलेली नाही. तुम्ही घेता का? तिथले लोक अळूवर जगतात."

शेटजींनी त्या उंचवट्यावरच्या अळूचे पान उलटून पाहिले. त्या आठवड्यापासून त्यांच्या घरी पात्रा, म्हणजे गुजराती अळूवडी, होऊ लागली, आणि खोल्या पुढच्या वर्षावर गेल्या. दर वर्षी.

गेल्या महिन्यात भावोजी गेले. तेरावा उलटला आणि शेटजी आले. हातात टेप होती. मी पायरीवर बसून होतो. ते तुळशीपाशी थोडे थांबले, मग ताईशी बोलायला सरळ स्वयंपाकघराच्या दाराकडे निघाले. त्यांचा एक पाय उंचवट्यावर पडतो न पडतो, तोच जन्मभर तिथून तुडवत गेलेली ताई खिडकीतून ओरडली,

"अहो, बोर्निओ! वळसा घालून या!"

शेटजींनी पाय मागे घेतला. कोरड्या पडलेल्या चरांमधून, एकेक बेट चुकवत, ते सावकाश दाराशी आले. टेप खिशात गेली होती.

"बेन," ते म्हणाले, "समुद्रात पाणी नाही राहिलं."

ताईने बादली पुढे केली.